नाद, अक्षर आणि यंत्र

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात भजनी सप्ताहाच्या वेळी पखवाजाची साथ करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. गेल्या वर्षी त्यांनी बोलांची आपली जुनी वही देवस्थान समितीच्या हवाली केली. शाई फिकी पडलेली, काही पानांना कसर लागलेली. वही छापून काढावी, असा विषय महाजनांच्या सभेत निघाला आणि तेथे सरळ दोन पक्ष पडले. तरुण मंडळींचे म्हणणे, बोल संगणकात घालावेत. तो छापील आणि वाजवूनही दाखवील. वडील मंडळींचे म्हणणे, बोल कागदावर उतरला की त्यातला प्राण गेला. आमचा व्यवसाय वकिलीचा. सबब दोन्ही पक्षांनी आमच्याकडे पाहिले. निवाडा देण्यापूर्वी यंत्राकडून नाद काढविण्याचा इतिहास चाळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले. त्या वाचनाचे सार येथे सादर करतो.

इ. स. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने ‘म्युझिक’ नावाची आज्ञावली रचली. आयबीएम ७०४ या संगणकाने तिच्या आधारे १७ सेकंदांची एक रचना वाजविली. ध्वनिलहरीचा आकार एकच आणि एका वेळी स्वरही एकच, इतकीच तिची मजल होती. पुढील वर्षीच्या आवृत्तीत एकदम चार स्वर निघू लागले. १९६० च्या सुमारास तिसरी आवृत्ती आली. तीत लहान लहान घटक एकमेकांस जोडून संगीतकाराने आपले वाद्य आपणच घडवावे, अशी सोय होती. पुढच्या अनेक आज्ञावल्या या एका कल्पनेवर उभ्या आहेत.

परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे सारे यंत्रसंगीत मुळात लेखनच होते. प्रत्येक स्वरासाठी एक ओळ लिहावयाची: तो केव्हा सुरू व्हावा, किती वेळ राहावा, किती उंच असावा. या ओळी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर उतरत. १९६४ साली जॉन चाउनिंग यांनी मॅथ्यूज यांची भेट घेतली आणि अशा पत्त्यांची एक पेटी घेऊन ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात परतले. संपूर्ण विद्या त्या एका पेटीत सामावली होती. पाचवी आवृत्ती १९६८ मध्ये ‘फोरट्रान’ या सर्वत्र चालणाऱ्या संगणकभाषेत लिहिली गेली आणि १९६९ मध्ये मॅथ्यूज यांनी तिचे विवरण ग्रंथरूपाने छापविले. त्यामुळे तिचे ज्ञान एका यंत्रात किंवा एका माणसापाशी अडकून राहिले नाही.

स्टॅनफर्ड येथेच लीलँड स्मिथ हे संगीताचे प्राध्यापक होते. आकड्यांच्या रांगा लिहिणे संगीतकाराच्या स्वभावास मानवत नाही, हे जाणून त्यांनी ‘स्कोर’ नावाची आज्ञावली केली. संगीतकाराने आपल्या परिभाषेत आधी स्वर, मग लय असे लिहावे आणि ध्वनी काढणाऱ्या यंत्रासाठी आकडे ‘स्कोर’ने तयार करावेत, हा तिचा मूळ हेतू. पुढे १९७१ च्या सुमारास त्यांनी तिच्याकडून वेगळेच काम करून घेतले. लेखणी फिरवून रेघा काढणारे ‘प्लॉटर’ यंत्र जोडून ते पाश्चात्त्य स्वरलिपीची पानेच आखू लागले. ध्वनीसाठी जन्मलेली आज्ञावली मुद्रणाच्या कामास लागली.

हे वाटते तितके सोपे नव्हते. ध्वनी काढणाऱ्या यंत्रास काळ आणि उंची कळली की पुरे. स्वरचिन्हाची दांडी वर की खाली, दोन चिन्हांत अंतर किती, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. वाचणाऱ्या माणसाला मात्र ते सारे लागते. म्हणून ‘स्कोर’मध्ये पानावरील प्रत्येक चिन्हास आकड्यांची ओळख दिली गेली. पहिला आकडा चिन्हाची जात सांगे (१ म्हणजे स्वर, २ म्हणजे विराम), दुसरा ओळीचा क्रम, तिसरा आडवे स्थान, चौथा उभे स्थान. एखादे चिन्ह केसभर सरकवायचे, तर आकडा बदलावा. कसबी कारागिराचा हात अशा रीतीने आकड्यांत उतरला, आणि पुढे मोठमोठ्या संगीत-प्रकाशकांनी त्याचा उपयोग केला.

आपल्याकडे स्वरलिपीचा खटाटोप याहून जुना आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे हेही वकीलच. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यात त्यांचा पुढाकार होता. देवनागरी अक्षरे आणि त्यांच्या वर-खाली मोजकी चिन्हे, एवढ्यावर त्यांनी आपली लिपी उभी केली. त्यामुळे ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापणे शक्य झाले. तथापि गुरूवाचून केवळ पुस्तकावरून गाणे येत नाही, हेही तितकेच खरे.

या मुद्द्यावर आम्हांस सर्वांत बोलका दाखला मिळाला तो लखनौचा. १९८२ च्या सुमारास जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली घडविली. येथे प्रवास उलट दिशेने झाला. आरंभी तिला वाजविता येत नव्हते. ती तबल्याचे बोल फक्त अक्षरांत लिही. लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ हे किपेन यांचे गुरू. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, याचे एक व्याकरण यंत्रास देण्यात येई. यंत्र त्यावरून नवे पलटे लिही. ते उस्तादांपुढे ठेवले जात. त्यांनी नापसंत केले, तर चूक व्याकरणाची मानून ते दुरुस्त होई. पुढे दुसऱ्या आवृत्तीत वाद्ये वाजविण्याची आणि कालांतराने ‘सीसाउंड’ या ध्वनी-आज्ञावलीसाठी लेखन तयार करण्याचीही सोय झाली. याच बेल यांनी पुढे महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहास हातभार लावला. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांतील हजारो ओव्या गाणाऱ्या बायांच्या स्वतःच्या आवाजात जतन झाल्या आहेत. तेथेही नुसत्या अक्षरावर भागले नाही.

न्यायालयात लेखी दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. नादाच्या बाबतीत हा दंडक उलटा आहे, असे या इतिहासावरून आमचे मत झाले. येथे दस्त साक्षीदाराने तपासायचा असतो. म्हणून दस्त करूच नये, असे मात्र नव्हे. साक्षीदार नश्वर आहे, आणि तपासायला कागदच नसेल तर त्याच्या मागे काय उरणार?

सभेपुढे आम्ही इतकेच मांडले. वही छापावी, संगणकाची मदत जरूर घ्यावी. मात्र प्रत्येक पानाचे मुद्रित त्या वृद्ध गृहस्थांपुढे वाचावे, त्यांनी ते पखवाजावर वाजवावे, त्याचे ध्वनिमुद्रण ठेवावे, आणि शेजारी एखादा मुलगा शिकण्यासाठी बसवावा. ठराव संमत झाला. आजवर नऊ पाने झाली आहेत. नवव्या पानावरील एक बोल त्यांनी दोनदा वाजवून पाहिला, मान हलविली, आणि वहीत आपण स्वतःच चाळीस वर्षांपूर्वी चुकीचा लिहिल्याचे सांगितले.