जबड्यातील गाठ : ओपीजीत काय दिसते, काय दिसत नाही

जबड्याच्या हाडात वाढणाऱ्या बऱ्याच गाठी सुरुवातीला दुखत नाहीत. अक्कलदाढ आली नाही किंवा दातांना तारा लावायच्या आहेत म्हणून एक्स-रे काढला जातो आणि त्यात हाडामध्ये काळसर पोकळी दिसते.

दातांचा छोटा एक्स-रे तीन-चार दातांपुरताच असतो. गाठीची शंका असल्यास ओपीजी काढतात. त्यात दोन्ही जबडे एकाच चित्रात येतात. किरणांचे प्रमाण अगदी कमी असते. तरी गर्भवती असल्यास आधी सांगावे.

डॉक्टर सर्वांत आधी पाहतात ती पोकळीची कड. ती रेखीव असेल तर वाढ बहुधा सावकाश होत असते. न उगवलेल्या दाढेच्या माथ्याभोवती अशी पोकळी असल्यास ती बऱ्याचदा डेंटिजेरस सिस्ट असते. अमेलोब्लास्टोमा ही गाठ बहुतेक वेळा खालच्या जबड्यात, मागच्या दाढांजवळ होते. साबणाच्या फेसासारखे कप्पे, फुगलेले हाड आणि झिजलेली दातांची मुळे ही तिची ओळख. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण हाड पोखरत जाते आणि नुसती खरवडून काढल्यास अनेकदा पुन्हा होते.

अडचण अशी की अमेलोब्लास्टोमा कधीकधी एकाच कप्प्याचा असतो आणि ओपीजीत हुबेहूब साध्या सिस्टसारखा दिसतो. दोन्हींचे उपचार मात्र वेगळे. म्हणून फिल्म पाहून कोणी गाठीचे नाव ठामपणे सांगितले तरी बायोप्सी टाळू नये. कुरतडल्यासारखी कड कर्करोगात दिसते, तशीच हाडाच्या जुन्या जंतुसंसर्गातही दिसते.

हाडातील खनिज बरेच कमी झाल्याशिवाय एक्स-रेत बदल उमटत नाही. वरच्या जबड्यात सायनसच्या सावल्या एकमेकींवर पडतात. तिथे सीबीसीटी उपयोगी पडतो. हिरडी किंवा गालातील जखम तर ओपीजीत दिसतच नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री वापरणाऱ्यांनी ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

जबड्यावर सूज, कारण नसताना हलणारे दात, बसेनाशी झालेली कवळी किंवा दाढ काढल्यावर न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिल्यास दंतवैद्यांना दाखवा. खालचा ओठ आपोआप बधिर झाला असेल तर तेवढेही थांबू नका.

अमेलोब्लास्टोमा शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही उलटू शकतो. जुन्या फिल्म जपून ठेवा आणि प्रत्येक तपासणीला सोबत न्या. नवी फिल्म त्यांच्याशी ताडून पाहावी लागते.