राजा रविवर्मा यांच्या 'गंगावतरण' चित्रातील जलप्रवाहाचा भावार्थ

चित्रातील वेगवान जलप्रवाह हा सामान्यतः भय, भव्यता किंवा मनाची खळबळ यांचा निदर्शक मानला जातो. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या 'गंगावतरण' या चित्रात मात्र त्याचा भाव वेगळा आहे. हे निव्वळ निसर्गचित्र नव्हे. तरीही खडकाळ हिमालय आणि वरून कोसळणारे पाणी यांवरच त्याचे नाट्य उभे आहे.

सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी भगीरथाने गंगेला पृथ्वीवर आणले. तिचा वेग पृथ्वीला असह्य होईल म्हणून शंकराने तो जटांत धारण केला, अशी ही कथा आहे. चित्रकाराने त्यातील नेमका आघातापूर्वीचा क्षण निवडला आहे. गंगा अजून अंतराळात आहे. शंकर पाय रोवून वर पाहत उभे आहेत. भगीरथाचे हात जोडलेले आहेत, तर पार्वती नंदीला टेकून उभी आहे. तिच्या या विसाव्याच्या पवित्र्यामुळे संकटाची शंका उरत नाही. रसशास्त्राच्या भाषेत, गंगेचा गर्व, भगीरथाचे औत्सुक्य आणि शंकराची धृती हे भाव येथे एकत्र येतात. प्रवाहाची शक्ती पाण्याच्या आकारमानावरून नव्हे, तर ती झेलणाऱ्याच्या स्थैर्यावरून जाणवते.

या भावाला सामाजिक संदर्भही आहे. काशीयात्रा, अस्थिविसर्जन आणि अंतकाळी मुखात घालावयाचे गंगाजल यांमुळे मराठी घरांत गंगा पितरांच्या स्मृतीशी जोडलेली आहे. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. तेथील शिळामुद्रित चित्रांमुळे राजवाड्यातील चित्रविषय सामान्य घरांच्या भिंतींवर आले. भगीरथाची प्रतीक्षा ही पाहणाऱ्याच्या कुटुंबाचीही प्रतीक्षा होऊ शकली.

याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. चलच्चित्रात पाणी खरोखर वाहू शकते. परंतु कोसळण्यापूर्वीचा क्षण तेथे टिकून राहत नाही. स्थिर चित्राचे सामर्थ्य नेमके येथेच आहे.

सारांश, 'गंगावतरण'मधील प्रवाह विनाशाची भीती दाखवीत नाही. अनावर वेगाला आधार देणारे कोणीतरी उभे आहे, हा विश्वास तो व्यक्त करतो.