यूलिमिट: नाव एका घरचं, गुण दुसऱ्या घरचे

एखादा प्रोग्रॅम मेमरी गिळत सुटतो आणि थोड्या वेळात माउसही हलेनासा होतो. असं पुन्हा होऊ नये म्हणून लिनक्सवाले टर्मिनलवर आधी एक कमांड द्यायला सांगतात: यूलिमिट, मग डॅश-व्ही, मग किलोबाइटमधला आकडा. एक जीबी हवी तर १०४८५७६. पण हे नाव जन्मलं तेव्हा त्याचा मेमरीशी फारसा संबंध नव्हता.

एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्ह युनिक्समध्ये यूलिमिट हा डिस्कचा राखणदार होता. एका प्रोसेसने केवढी फाइल लिहावी, ते तो ५१२ बाइटांच्या ब्लॉकांत मोजून ठरवी. मेमरी कुठवर वाढेल याची चौकशी त्याच्याकडे करता येई, पण ती हद्द बदलायची सोय नव्हती.

मेमरीची वेसण आली बर्कलीहून. तिथल्या विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, सी शेलमध्ये (शेल म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), नुसती ‘लिमिट’ नावाची कमांड होती. १९८३च्या ४.२ बीएसडीने तिच्यामागे सेट-आर-लिमिट हा सिस्टीम कॉल उभा केला आणि प्रत्येक हद्दीचे दोन पदर केले. सॉफ्ट हद्द हार्डपर्यंत हवी तशी सरकवावी. हार्ड मात्र एकदा खाली आणली की साध्या यूजरला ती पुन्हा चढवता येत नाही.

सिस्टीम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. कॉर्न शेलने आणि पुढे बॅश या शेलने नाव एटी अँड टीचं ठेवलं, गुण बर्कलीचे घेतले.

ही कमांड शेलच्या पोटातच का असते? कारण ती वेगळा प्रोग्रॅम असती, तर स्वतःवर हद्द घालून घेऊन तिथेच संपली असती. हद्द वारशाने उतरते, आईकडून लेकराकडे. म्हणून शहाणे लोक यूलिमिट आणि प्रोग्रॅम एकाच कंसात लिहितात. कंसामुळे पोटशेल तयार होतो, हद्द त्याच्यापुरती राहते आणि आपला शेल मोकळा.

वारशात एक खोट आहे. प्रत्येक लेकराला पूर्ण हिस्सा मिळतो, त्यामुळे दहा प्रोसेस झाल्या तर दहापट मेमरी. शिवाय डॅश-व्ही मोजतो ती राखून ठेवलेली पत्त्यांची जागा, खरी वापरलेली मेमरी नव्हे. खरी मोजेल असं वाटायला लावणारा डॅश-एम आजच्या लिनक्सवर शोभेपुरता आहे.

कुटुंबाचा एकत्र हिशोब लागला तो सीग्रूप या, प्रोसेसच्या गटाला मिळून हद्द घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीमुळे. २००६मध्ये गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी ते काम सुरू केलं. २००८मध्ये ते कर्नेलमध्ये आलं आणि त्याच वर्षी आयबीएमच्या बलबीर सिंग यांचा मेमरी कंट्रोलरही. आता सिस्टमडी-रन या कमांडला मेमरीमॅक्स ही हद्द सांगितली की अख्ख्या गोतावळ्याला एकच शिधापत्रिका.

तरी आजही बॅशमध्ये नुसतं यूलिमिट लिहून एंटर दाबा. उत्तर येतं ते फाइलच्या आकाराचं.