निषेधाच्या यादीत नसलेली फळी

सायकलवर बसलेली मुलगी काबूलमध्ये सहसा खपत नसे. चार चाकांच्या फळीवर उभी राहिलेली मात्र काही काळ खपून गेली. २००७ मध्ये ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ तीन स्केटबोर्ड घेऊन तेथे पोहोचला आणि सोव्हिएत काळातील एका कोरड्या कारंज्याच्या हौदात पोरांना शिकवू लागला. गुडघे किंचित वाकवायचे, एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमीन मागे लोटायची, आणि पडायचे. वस्तूच नवी, त्यामुळे तिच्याविषयी रूढीने काही ठरवलेलेच नव्हते. (निषेधालाही आधी नाव लागते, हे आपणा भाषेच्या लोकांना वेगळे सांगायला नको.) मुली वयात येऊ लागल्या की मात्र रस्ता बंद होई. म्हणून २००९ मध्ये ‘स्केटिस्तान’ने बंदिस्त पार्क उभारला आणि मुलींसाठी वेगळे वार राखले. सप्टेंबर २०१२ च्या आत्मघातकी स्फोटात तिथे येणारी काही मुले गेली, तरी वर्ग चालू राहिले. या मुलींवरील कॅरोल डायसिंगर यांच्या लघु माहितीपटाला फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्कर मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले, आणि वर्ग थांबले.