जिंकूनही हुर्यो: व्यवहारी फुटबॉल आणि चाहत्यांचा कौल

२६ मार्च २०१४ रोजी लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर वेस्ट हॅम युनायटेडने हल सिटीला २-१ असे हरवले. हलचा गोलरक्षक पहिल्या अर्ध्या तासातच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, त्यामुळे उरलेला सामना वेस्ट हॅम अकरा विरुद्ध दहा असा खेळला. रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या, चिंतेत असलेल्या संघाला हे तीन गुण मोठा दिलासा देणारे होते. तरीही शेवटची शिट्टी वाजताच घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांनी कानामागे हात धरून स्टँडकडे पाहिले. जे ऐकू येते आहे त्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

हरलेल्या संघाची हुर्यो कुणालाही समजते. जिंकलेल्याची का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात: चाहते कृतघ्न असतात, किंवा तो खेळच भिकार होता. दोन्ही अपुरी आहेत, कारण त्याच ॲलर्डाइस यांच्या तशाच खेळाने १९ मे २०१२ रोजी वेम्बलीवर ब्लॅकपूलला २-१ असे नमवून वेस्ट हॅमला प्रीमियर लीगमध्ये परत आणले, तेव्हा हेच चाहते आनंदाने वेडे झाले होते. खेळ बदलला नव्हता. बदलली होती ती निकालाची किंमत. व्यवहारी शैलीचे सगळे समर्थन निकालावर उभे असते, म्हणून त्या निकालाची चाहत्यांच्या लेखी असलेली किंमत जशी बदलते, तसा शैलीवरचा कौलही बदलतो. पुढील विवेचन याच सूत्राची तपासणी आहे.

१. थेट आणि व्यवहारी: दोन वेगळ्या गोष्टी

चर्चेत हे दोन गुण एकाच दमात उच्चारले जातात, पण ते वेगळे आहेत. थेटपणा हा मार्गाचा गुण आहे. चेंडू कमीत कमी पासेसमध्ये समोरच्या गोलजवळ न्यायचा: बचावफळीतून लांब पास, उंच स्ट्रायकरच्या डोक्यावर चेंडू, तिथून खाली पडलेल्या दुसऱ्या चेंडूसाठी मधल्या फळीची झडप, शिवाय कॉर्नर, फ्री किक आणि थ्रो-इनवर भर. व्यवहारीपणा हा हेतूचा गुण आहे. हाताशी असलेल्या खेळाडूंतून जास्तीत जास्त गुण कसे काढायचे, एवढेच तो विचारतो. देखणेपणा त्याच्या हिशेबात येत नाही.

व्यवहारी नसलेला थेट खेळ असू शकतो आणि थेट नसलेला व्यवहारी खेळही असतो. २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटीने चेंडूचा ताबा बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याला देऊन, वेगवान प्रतिहल्ल्यांच्या जोरावर प्रीमियर लीग जिंकली. तो खेळ थेट होता आणि व्यवहारीही, पण त्याला कंटाळवाणे कुणी म्हटले नाही. उलट १-० ची आघाडी घेऊन शेवटची चाळीस मिनिटे दहा जणांनी पेनल्टी क्षेत्रासमोर उभे राहणे यात थेटपणा नसतोच, निव्वळ सावधपणा असतो. चाहत्यांच्या तक्रारी बारकाईने ऐकल्या तर त्यांचा रोख बहुतेक वेळा लांब पासवर कमी आणि या सावधपणावर जास्त असतो. शिव्या मात्र लांब पासला बसतात, कारण तो डोळ्यांना दिसतो.

२. थेट खेळामागचा हिशेब

या शैलीला शास्त्राचा आधार देण्याचा पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स रीप यांनी केला. रॉयल एअर फोर्सच्या हिशेब विभागातले हे अधिकारी. मार्च १९५० मध्ये स्विंडन टाऊनच्या एका सामन्याच्या उत्तरार्धात त्यांनी वही काढून प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे ते टिपत राहिले. १९६८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासेसच्या चालींतून होतात, हे त्यांतले सर्वांत गाजलेले निरीक्षण. यावरून अनेकांनी थेट खेळ जास्त फलदायी असल्याचे अनुमान काढले.

अनुमानातली खोट नंतरच्या अभ्यासकांनी दाखवली. फुटबॉलमधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा त्याहून कमी पासेसमध्येच संपतात. मग बहुतेक गोलही त्यांतूनच होणार, यात नवल नाही. उलट नव्वद टक्क्यांहून अधिक चालींतून ८० टक्केच गोल येत असतील, तर तुलनेने लांब चालीच जास्त फळतात. रीप यांनी गोल मोजले, पण त्यांना भागायचे कशाने याकडे दुर्लक्ष झाले. ही चूक ध्यानात ठेवावी, कारण चाहत्यांच्या वादात ती पुन्हा भेटणार आहे.

याचा अर्थ थेट खेळ अडाण्यांचा, असा नाही. खेळाडूंचा दर्जा प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी असेल तेव्हा लांब चाली रचण्याची क्षमताच मर्यादित असते, आणि मधल्या मैदानात चेंडू गमावण्याची शिक्षा मोठी असते. अशा वेळी सेट-पीसवर मेहनत घेणे हा शहाणपणा ठरतो. ॲलर्डाइस यांनीच बोल्टनमध्ये सामन्यांची आकडेवारी आणि क्रीडावैद्यक यांचा वापर इतरांच्या आधी केला, ओकोचा आणि जोरकाएफसारखे कसबी खेळाडू आणले आणि २००४-०५ मध्ये त्या छोट्या क्लबला सहाव्या स्थानावर नेले.

३. कौल ठरवणारे घटक

चाहत्यांचे मत तीन घटकांनी ठरते असे दिसते.

पहिला घटक भीती. प्रीमियर लीगमध्ये अगदी तळाला राहणाऱ्या क्लबलाही आज हंगामापोटी सुमारे १० कोटी पौंड मिळतात. खाली घसरले की ते उत्पन्न कोसळते, चांगले खेळाडू विकावे लागतात आणि परतीची खात्री नसते. ही टांगती तलवार डोक्यावर असते तेव्हा चाहते देव पाण्यात घालून बसलेले असतात. चेंडू कोणत्या वाटेने गोलमध्ये गेला, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

दुसरा घटक स्वप्रतिमा. वेस्ट हॅमच्या चाहत्यांच्या मनात रॉन ग्रीनवुड आणि जॉन लायल यांच्या काळातला क्लब आहे: १९६४ चा एफए कप, १९६५ चा युरोपीय चषक विजेत्यांचा करंडक, १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातले मूर, हर्स्ट आणि पीटर्स. 'वेस्ट हॅमची रीत' म्हणून जी सांगितली जाते ती या स्मृतींतून घडली. या क्लबने इंग्लंडची अव्वल श्रेणी कधीच जिंकलेली नाही. १९८६ चे तिसरे स्थान हीच त्याची सर्वोच्च मजल. पण जिथे अजिंक्यपदे नसतात तिथे खेळण्याची रीत हीच इस्टेट असते, आणि तिला हात लावणाऱ्याला माफी नसते.

तिसरा घटक प्रसंग. चाहता हंगामाचे तिकीट काढतो तेव्हा गुणतालिकेतल्या जागेबरोबर एकोणीस दुपारी किंवा संध्याकाळीही विकत घेतो. त्यांत अंगावर काटा आणणारे काही घडणार की नाही, हा त्याचा स्वतंत्र हिशेब असतो.

पहिला घटक प्रबळ असेल तर इतर दोन गप्प बसतात. तो ओसरला की दोन्ही बोलू लागतात. हलविरुद्धच्या त्या संध्याकाळी, तीन गुणांनी भीती ओसरताच, नेमके हेच घडले.

४. उदाहरणे

स्टोक सिटी हे सूत्राला सर्वांत जास्त ताण देणारे उदाहरण. २००८ मध्ये टोनी प्युलिस यांनी या संघाला वर आणले, तेव्हा त्यांचे ठळक हत्यार होते रोरी डेलॅप यांचा थ्रो-इन. शाळकरी वयात भालाफेक गाजवलेले डेलॅप टॉवेलने चेंडू कोरडा करत, काही पावले धावत येत आणि चेंडू सपाट, वेगवान रेषेत थेट गोलच्या तोंडाशी टाकत. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, म्हणून आक्रमकांनी गोलरक्षकाच्या पुढ्यात गर्दी केली तरी नियम आड येत नाही. १ नोव्हेंबर २००८ रोजी आर्सेनलविरुद्धच्या २-१ विजयातले दोन्ही गोल या थ्रोंवरून झाले. त्याच महिन्यात हलचा गोलरक्षक बोअझ मायहिल याने थ्रो-इन देण्यापेक्षा कॉर्नर परवडला, असे ठरवून चेंडू मुद्दाम गोलरेषेबाहेर मारला.

इथे थेट खेळ हाच प्रसंग बनला होता. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की सारे मैदान उठून उभे राही. आर्सेन वेंगर यांनी या संघाची तुलना रग्बीशी केली, तेव्हा स्टोकच्या चाहत्यांनी रग्बीचे गाणे गाऊन ती टीका मिरवली. म्हणजे शैलीतूनच स्वप्रतिमा तयार झाली. पण तीही चिरकाल टिकली नाही. प्युलिस यांच्या पाच प्रीमियर लीग हंगामांतली स्थाने अशी: १२, ११, १३, १४, १३. थ्रोची धार बोथट झाली, भीती ओसरली, आणि तेरावे स्थान पहिल्यांदा जे वाटले होते ते दुसऱ्यांदा वाटेना. मे २०१३ मध्ये प्युलिस गेले.

वेस्ट हॅममध्ये डेव्हिड मोयेस यांची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे. २०१७-१८ मध्ये अर्ध्या वाटेवर येऊन त्यांनी संघ वाचवला, आणि हंगाम संपताच त्यांना निरोप मिळाला: गरज सरो, वैद्य मरो. डिसेंबर २०१९ मध्ये क्लब पुन्हा संकटात सापडला आणि तेच परत आले. पुढच्या दोन पूर्ण हंगामांत सहावे आणि सातवे स्थान मिळाले. सूचेकचे हेडर, अँटोनियो आणि बोवेन यांची धाव, उसनवारीवर आलेल्या लिंगार्डचे १६ सामन्यांत ९ गोल, हा खेळ पुरेपूर थेट होता आणि चाहत्यांना तो मनापासून आवडला. ७ जून २०२३ रोजी प्रागमध्ये युरोपा कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात बोवेनने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून फिओरेंटिनाला २-१ असे हरवले. १९८० च्या एफए कपनंतरचा हा क्लबचा पहिला मोठा करंडक.

आणि तरी वर्षभरात मोयेस यांना दुसऱ्यांदा निरोप मिळाला. २०२३-२४ मध्ये संघ नववा आला. स्थान वाईट नव्हते. पण त्या हंगामात वेस्ट हॅमवर लीगमध्ये ७४ गोल झाले. आर्सेनलने घरच्या लंडन स्टेडियमवर येऊन ६-० ने धुलाई केली, फुलहॅम आणि चेल्सी यांनी प्रत्येकी ५-० ने. इथे चाहत्यांच्या तक्रारीचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक रुचीची: हा खेळ आम्हाला आवडत नाही. दुसरी हिशेबाची: ही शैली स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही. चेंडू सोडून देऊन गोल वाचवणे हा ज्या शैलीचा करार, तिच्यावर ७४ गोल होत असतील तर करार मोडला आहे. २०१४ ची हुर्यो मुख्यतः रुचीची होती, २०२४ ची बरीचशी हिशेबाची. दोन्हींना एकच लेबल लावून चाहत्यांना 'हवेत बंगले बांधणारे' ठरवणे अन्यायाचे आहे.

५. 'धुपाटणे' युक्तिवाद आणि त्याची मर्यादा

व्यवहारी मॅनेजरच्या बचावाला एक ठरलेला युक्तिवाद येतो: आहे त्यात समाधान मानले नाही तर तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले अशी गत होईल. त्यासाठी दिले जाणारे एक ठळक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन कंपनीने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब विकत घेतला. १३ डिसेंबरला, संघ तेराव्या स्थानावर असताना, तेव्हा तिथे मॅनेजर असलेल्या ॲलर्डाइस यांना काढण्यात आले. त्या हंगामात संघ पंधराव्या स्थानावर राहून कसाबसा वाचला. पुढच्या हंगामात, ७ मे २०१२ रोजी, विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून तो खाली घसरला. त्या सामन्यात निषेध म्हणून क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडण्यात आली होती. इथे निर्णय मालकांचा होता, चाहत्यांचा नव्हे, हा फरक विसरला जातो.

युक्तिवादाची मोठी उणीव मात्र रीप यांच्याच जातीची आहे. बदलानंतर जे बुडाले तेवढेच मोजायचे आणि जे तरले ते सोडून द्यायचे. २०१५ मध्ये ॲलर्डाइस यांच्या जागी स्लावेन बिलिच आले आणि वेस्ट हॅमने दिमित्री पाये यांच्या जादूच्या जोरावर ६२ गुणांसह सातवे स्थान मिळवले. प्युलिस यांच्यानंतर मार्क ह्यूज यांनी स्टोकला सलग तीन हंगाम नववे स्थान मिळवून दिले. २०१८ मध्ये स्टोक घसरले खरे, पण पाच वर्षांनी आलेल्या घसरणीचे खापर पाच वर्षांपूर्वीच्या निरोपावर फोडता येत नाही. दुसऱ्या बाजूला, मोयेस यांच्यानंतर आलेले युलेन लोपेतेगी जानेवारी २०२५ मध्येच गेले आणि तो हंगाम वेस्ट हॅमने चौदाव्या स्थानावर संपवला. एवढ्या उदाहरणांतून 'व्यवहारी मॅनेजर सोडला की क्लब बुडतो' असा नियम निघत नाही, आणि 'सोडला की सुधारतो' असाही नाही. पुढे काय करायचे हे ठरवून बदल केला की नाही, हा घटक जास्त निर्णायक दिसतो.

६. निष्कर्ष

व्यवहारी शैलीकडे स्वतःची गंगाजळी नसते. देखण्या खेळाला चार पराभव माफ होतात, कारण चाहत्याला त्या दुपारींतूनही काही मिळालेले असते. व्यवहारी खेळाला बरोबरीही महाग पडते. त्यात भर म्हणजे तिचे यशच तिची गरज कमी करते. संघ जितका सुरक्षित, तितकी भीती कमी, आणि भीती हाच तिचा मुख्य आधार. म्हणून ॲलर्डाइस, प्युलिस, मोयेस यांच्याविरुद्ध उठलेला आवाज कृतघ्नतेच्या खात्यावर टाकणे चूक आहे. त्यात त्यांच्या कामगिरीची पावतीही असते, कारण ज्यांना आज सुंदर खेळ मागावासा वाटतो, त्यांना तशी मागणी करण्याइतके निर्धास्त याच मॅनेजरांनी केलेले असते.

यातून सुटण्याची एक वाट स्टोकच्या पहिल्या हंगामांनी आणि मोयेस यांच्या सहाव्या-सातव्या स्थानाच्या संघाने दाखवली. थेट खेळात वेग, धाव आणि अंगावर येणारा जोर ठेवला तर चाहत्याला निकालाबरोबर प्रसंगही मिळतो, आणि नुसत्या निकालावरचे ओझे हलके होते. सुरक्षितता मिळाल्यावर जो मॅनेजर सावधपणा कमी करतो, त्याला लांब पास सोडावा लागत नाही. जो सावधपणाच वाढवतो, त्याच्या हाती फक्त गुणतालिका उरते, आणि तेरावे स्थान दर वर्षी तेवढ्याच आनंदाने कुणी साजरे करत नाही.