अक्षर आणि त्याचा ठसा

संगणकाचा इतिहास म्हटला की यंत्रांचा वेग आणि कंपन्यांच्या उलाढाली एवढेच पुढे येते. मला मात्र त्यातली एक लहानशी दुरुस्ती फार मोलाची वाटते. दोन लिप्यांच्या पाट्या वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तिचे मर्म चटकन उमजेल.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा कर्नल, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा गाभा, लिहायला घेतला. १९९२ च्या जानेवारीत त्यात आभासी कन्सोल आला. पडदा एकच, पण आल्टच्या जोडीने एफ-१, एफ-२ या कळा दाबल्या की कामाचे निरनिराळे पडदे समोर येत. संगीत नाटकात रंगवलेला पडदा बदलला की राजवाड्याचे अरण्य व्हावे, तसे. रंगीत खिडक्या बंद पडल्या तरी हा साधा काळा पडदा बहुधा जागा असतो. यंत्र बिघडले की जाणकार तिथेच धाव घेतो.

या पडद्याची जुनी घडण चौकटीच्या वहीसारखी होती. ८० रकाने, २५ ओळी, एकूण २००० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट. एक अक्षराचा, एक रंगाचा. एका बाइटात २५६ आकार मावत. रंगाकडून एक बिट उसना घेतला तर ५१२. जगातल्या साऱ्या लिप्यांनी एवढ्यात भागवायचे!

पण खरी खोट याहून खोल होती. कर्नलकडे अक्षर आले की त्याचा आकार फाँटात शोधला जाई आणि घरात त्या आकाराचा क्रमांक लिहिला जाई. मूळ अक्षराची नोंद कन्सोल ठेवतच नसे. आकार सापडला नाही तर एक ठरावीक बदली चिन्ह बसे. देवनागरी 'क' आला काय किंवा कानडी 'क' आला काय, दोघांची ओळख पुसून एकच चिन्ह उरे.

याचा जाच झाला तो अंध वाचकांना. 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम १९९५ पासून कन्सोलवरचा मजकूर वाचून ब्रेल पट्टीवरचे टिंब वर उचलतो. बोटांनी वाचणाऱ्याला पडद्याच्या फाँटशी काय कर्तव्य? त्याला अक्षर कळले की पुरे. तरीही फाँटचे दारिद्र्य त्याच्या बोटांपर्यंत पोचत होते.

२०१८ साली निकोलस पित्र या प्रोग्रामरने ही खोट काढली. आकारांच्या वहीशेजारी त्याने दुसरी वही उघडली. तिच्यात प्रत्येक घराला चार बाइट आणि त्यांत अक्षराचा मूळ युनिकोड क्रमांक. ओळ सरकली, अक्षर पुसले, मध्येच काही घातले, की दोन्ही वह्या एकदम बदलायच्या. एक मागे राहिली की हिशेब चुकला. २००० घरांना ८००० बाइट लागतात, पण ही वही कुणी मागितली तरच उघडते. गरज नसलेल्याच्या माथी खर्च नाही. त्याच वर्षीच्या ४.१९ या आवृत्तीत ही दुरुस्ती आली.

मला हे वाचताना आपलीच गोष्ट आठवली. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, कानडीही होती. तरी पुढे कितीतरी वर्षे आपण मराठी मजकूर साठवला तो फाँटातल्या आकारांच्या क्रमांकांनी, आणि हे क्रमांक फाँटागणिक निराळे. माझ्याकडे त्या काळातल्या लेखांच्या काही फायली आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा दिसतो. छापील अंक अजून बोलतात. फायली मुक्या झाल्या आहेत.

२०२५ च्या ६.१६ या आवृत्तीत पित्रनेच दुप्पट रुंदीच्या अक्षरांचा आणि स्वतःची रुंदी नसलेल्या चिन्हांचा हिशेब कन्सोलला शिकवला. आपली जोडाक्षरे जुळवून दाखवणे अजून त्याला जमत नाही. पण अक्षर नीट नोंदलेले असले की आकार उद्याही देता येतो. ठसाच तेवढा जपला असेल तर अक्षर परत मिळवणे कठीण. म्हणून एक सुचवतो. वडिलांची पत्रे, आजीच्या ओव्या, मंडळाचे अहवाल अशा जुन्या फाँटांत कुणाच्या घरी असतील, तर तो फाँट हाताशी आहे तोवर ते युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत.