शीड उतरल्यानंतर

खाडीकाठच्या धक्क्यांना लोकांनी जी नावे दिली, त्यांत त्या खाडीचा बराचसा इतिहास साठलेला असतो. ठाण्यास चेंदणी कोळीवाड्यालगत मीठबंदर आहे. मुंब्र्यास, डोंबिवलीस आणि कल्याणास रेतीबंदर आहे. कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना आगगाडीच्या डाव्या खिडकीतून खाडीचे विस्तीर्ण पात्र दृष्टीस पडते. पण नित्याच्या उतारूस ही बंदरांची नावे केवळ रिक्षावाल्यास सांगावयाच्या ठिकाणांची नावे होऊन बसली आहेत. मीठ आणि रेती ही दोन्ही एके काळी येथून पडावांतून जात-येत, आणि त्या पडावांना दीर्घकाळ शीड होते. शिडाचे दिवस गेले हे सर्वांस ठाऊक आहे. शीड उतरविल्यावर नावेचा धनी पुढे कोणत्या नावेत जाऊन बसला, हे मात्र सहसा कोणी पुसत नाही. जहाजांचा इतिहास लिहिताना आपण जहाजे मोजतो आणि जहाजवाल्यास काठावर सोडून देतो.

आपल्या भाषेत या धन्यास नाखवा म्हणतात. शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आलेला, नावेचा खुदा, म्हणजे नावेचा स्वामी, असा त्याचा अर्थ. कोळी, आगरी व कोकणी मुसलमान या तिन्ही समाजांत हा शब्द रुळलेला आहे. नाखवा आणि तांडेल यांत भेद आहे. तांडेल नाव हाकतो, नाखवा तिचा मालक असतो. लहान नावेवर मात्र ही दोन्ही कामे पुष्कळदा एकच मनुष्य करी, आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रथम या जलमार्गाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूर यांवरून कल्याणास येते. तेथपासून तिला खाडीचे रूप येते. पुढे तिचा मोठा प्रवाह घोडबंदराकडून वसईस समुद्रास मिळतो, आणि ठाण्याजवळ एक अरुंद फाटा दक्षिणेस वळून मुंबई बंदराच्या पाण्यात जातो. म्हणजे या भागास भरती दोन दारांनी येते. अशा जागी बंदर वसले नसते तरच नवल. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. तेथे येऊन पडलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचेस नेली जात, असेही त्यात सांगितले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे आहेत. त्या प्राचीन वैभवात येथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. कल्याणवर लिहिणारा प्रत्येक जण ते करतोच.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच या खाडीत लढाऊ नावा बांधण्यास आरंभ केला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे नावा तयार होत असल्याची धास्ती स्पष्ट दिसते. या कामावर रुइ लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कसबी मनुष्य व त्याचे सोबती होते. पुढे वसईकर पोर्तुगीजांनी समजावून त्यांस काम टाकावयास लाविले. कल्याणच्या नावेस समुद्रावर जावयाचे तर ठाणे वा वसई यांवरूनच गेले पाहिजे, आणि दोन्ही ठिकाणे तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. मराठ्यांनी ठाणे १७३७ साली व वसई १७३९ साली घेतली तेव्हा कोठे हे दार आपल्या हाती आले. आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतल्यावर ते पुन्हा गेले.

या साऱ्या राजकीय उलथापालथीत मालाची नाव मात्र चालूच होती. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून थळघाट उतरून भिवंडी-कल्याणास येई आणि तेथून पडावांत भरून मुंबईस जाई. भात, इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, गवत, कौले, मीठ असा तो माल. पडावाची चाल वाऱ्यापेक्षाही भरती-ओहोटीवर बेतलेली असे. पहाटे ओहोटी आणि मतलई वारा यांचा मेळ साधला की भरलेला पडाव खाली सुटावयाचा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की रिकामा पडाव भरतीबरोबर वर यावयाचा. उधाणाच्या दिवसांत हे सारे सुरळीत चाले. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढे आणि पडाव गाळात बसून राही. पावसाळ्यात नाव ओढून शाकारून ठेवीत. नाखव्यास एक मोठा खर्च माहीत नव्हता: वाऱ्याचे बिल येत नसे. दोर, शिडाचे कापड, डांबर, चार-दोन फळ्या एवढी डागडुजी केली की नाव पुन्हा पाण्यात. मिळकतीचे वाटे पडत. एक वाटा नावेचा, बाकीचे माणसांचे. मिळकत बुडाली तर सर्वांचीच बुडे. हा काळ सुवर्णाचा होता असे मी म्हणत नाही. सावकार तेव्हाही होता आणि खलाशी तेव्हाही उपाशी झोपे. परंतु नाव थांबली म्हणून कर्ज वाढले, असे रोजच्या रोज घडत नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. अंतर २१ मैल. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ पासून, खाडीवरील पूल ओलांडून गाडी कल्याणास जाऊ लागली. १८६३ साली बोरघाटातून व १८६५ साली थळघाटातून रूळ वर चढले आणि घाटावरचा माल कल्याणास न उतरता थेट मुंबईस जाऊ लागला. आगगाडीने खाडीतील नावा बुडविल्या असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. आगगाडीने नावा नेल्या नाहीत; तिने घाई असलेला माल नेला. कापूस, धान्य, टपाल, उतारू ही ज्यांची वेळेशी गाठ, ती सारी रुळावर गेली. जो माल जड, स्वस्त आणि बिनघाईचा होता तो नाखव्याकडेच राहिला. मिठास उशीर झाला म्हणून कोणाचे अडत नसे. दगड आणि कौले यांची गोष्ट तीच.

म्हणजे नाखव्याने या पहिल्या तडाख्यात नाव बदलली नाही, माल बदलला. आणि येथेच रेती पुढे येते. मुंबई शहर दगडचुन्याऐवजी सिमेंट-काँक्रीटने बांधले जाऊ लागले, तसतशी खाडीच्या तळाची रेती ही विकावयाची वस्तू झाली. तिला शेत नको, मळणी नको, भांडवल नको; बुडी मारणारी माणसे आणि पडाव एवढे पुरे. मनुष्य काठीच्या आधाराने तळाशी जाई, घमेले वा बादली भरी, वरचे सोबती ती ओढून घेत. सरकारी कागदांत आजही या रीतीस ‘हातपाटी-डुबी’ असेच म्हणतात. डुबी मारणाऱ्यांचे कान वर्षानुवर्षांच्या दाबाने निकामी होतात, ही गोष्ट मात्र त्या कागदांच्या समासातही कोठे आढळावयाची नाही.

दुसऱ्या महायुद्धात आगबोटी सरकारी कामास लागल्या आणि शिडाच्या नावांस किनाऱ्यावर पुन्हा एकदा बरकत आली. युद्ध संपताच ती ओसरली. १९४८ साली भारत सरकारने शिडाच्या जहाजांच्या धंद्याचा विचार करण्यास समिती नेमली, तिच्यापुढील एक मुख्य प्रश्न हाच होता की या नावांस यंत्र बसवावे किंवा कसे. प्रश्नाचे उत्तर समितीपेक्षा नाखव्यांनीच अधिक लवकर दिले. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत सरकारी कर्जे आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्या साह्याने यंत्रे आली, आणि ती बहुधा नव्या नावांत बसली नाहीत. जुन्याच सांगाड्यात बसली. डोलकाठी काही वर्षे राहिली. शीड गुंडाळून आत ठेवलेले असे. यंत्र बिघडले तर असावे म्हणून! कायद्यानेही ही दुटप्पी अवस्था मान्य केली. १९५८ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यात ‘शिडाचे जहाज’ याची व्याख्या अशी होती की केवळ शिडावर चालण्यापुरते शीड ज्यास आहे ते, मग त्यात यंत्र असो वा नसो. म्हणजे डिझेलवर फडफडत जाणारा पडाव कायद्याच्या दृष्टीने शिडाचेच जहाज. कायदेपंडितांस हसण्याचे कारण नाही. नाखव्याच्या मनातही तीच व्याख्या होती.

तथापि हिशोब बदलला होता. वारा फुकट होता, डिझेल रोख होते. पूर्वी नाव थांबली तर मिळकत थांबे. आता नाव थांबली तरी यंत्राचा हप्ता चालू राही. वाट्यांच्या हिशोबात यंत्राचा म्हणून निराळा वाटा शिरला, आणि तो उचलण्यास कोणी खलाशी नसून कर्ज देणारा असे.

उघड्या समुद्रावर या बदलाचे फळ चांगले आले. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेले सातपाटी गाव, तसेच वसईचा किनारा, येथील नाखवा यंत्रामुळे दूरच्या पाण्यात गेला, अधिक दिवस राहू लागला, बर्फ घेऊन जाऊ लागला. त्याने खरोखरच मोठी नाव घेतली. खाडीतल्या नाखव्यास तो रस्ता नव्हता. चेंदणीच्या वा कल्याणच्या मनुष्याने मोठी नाव घेऊन जावे कोठे? गाळाने खाडी उथळ होत चाललेली. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांचे पाणी व शहरांचे सांडपाणी मिळून मासळीच नाहीशी होत चाललेली. त्याने उलट वाट धरली. मोठी नाव विकून लहान होडी ठेवली. किनाऱ्यावरचा भाऊबंद वाढत्या नावेत गेला आणि खाडीतला घटत्या नावेत, हे एकाच यंत्रयुगाचे दोन परिणाम होत.

ज्यांनी होडी पत्करली नाही ते रेतीकडेच अधिक खोल गेले. पडावाच्या जागी लोखंडी बार्ज आले, डुबी मारणाऱ्याच्या जागी तळ शोषून घेणारा सक्शन पंप आला. येथे नाखवा या शब्दाचा अर्थच सरकला. पडावाचा धनी पाण्यात असे. बार्जचा धनी लिलावाच्या बोलीस असतो, आणि बार्जवर काम करणारा मनुष्य पुष्कळदा दूरच्या प्रांतातून आलेला, खाडीचे नावही नीट न जाणणारा. शिडाच्या नावेची मालकी आणि तिच्यावरचे कसब ही एकाच हातात होती. बार्जने ती वेगळी केली. पंपाने पात्र खोल खणले, काठ ढासळू लागले, कांदळवन उन्मळून पडू लागले, रेल्वेच्या पुलाच्या पायांविषयी काळजी उत्पन्न झाली. मग न्यायालयाचे मनाई हुकूम आले, महसूल खात्याच्या धाडी आल्या, पकडलेले बार्ज व पंप तोडले वा जाळले जाऊ लागले. या धाडींच्या बातम्या वाचताना अवैध उपसा करणारा एवढाच मनुष्य आपणांस दिसतो. त्यांतील काहींचे आजे त्याच पाण्यात शिडाने मीठ नेत होते, ही गोष्ट त्यांच्या अपराधास क्षमा नव्हे. पण एवढ्या जुन्या दर्यावर्दी लोकांपुढे आपण दुसरी कोणती नाव ठेवली होती, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

हल्ली काही नावा पुढे येत आहेत. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला; ऐरोलीहून पक्षी पाहण्यास होड्या सुटतात, आणि भरतीची वेळ व गाळाची उंची जाणणारा मनुष्य तेथे पुन्हा मोलाचा ठरतो. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. या बोटींवर मालक कंपनी असते व चालक पगारी. नाखव्यास तेथे जागा मिळाली तर ती नोकरीची मिळते. नियमित पगार हा भांगाच्या दिवसांपेक्षा खचित बरा. तरीही जलमार्गाच्या योजना आखताना जेट्ट्यांची व खोलीची मोजमापे जितक्या बारकाईने होतात, तितक्या बारकाईने लहान नावेच्या मालकास त्या मार्गावर परवाना, धक्का व कर्ज कसे मिळावे याचा विचार झालेला दिसत नाही. पाणी मोजण्याची शिसाची दोरी ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांस त्या मोजणीच्या वेळी एकदा बोलावणे अवघड नव्हते.

कल्याणास दुर्गाडीच्या पायथ्याशी, जेथे शिवकालीन आरमाराचा आरंभ झाला असे मानतात, तेथे भारतीय नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका स्मारक म्हणून आणली आहे. ती जमिनीवर उभी आहे. तिच्यापासून थोड्या अंतरावर, रेतीबंदराच्या अंगास, ओहोटीच्या वेळी दोन-चार होड्या गाळात टेकलेल्या दिसतात. त्यांना शीड नाही, पण डोलकाठी रोवावयाची खोबण काहींच्या तळाशी अजून आहे.